शेजाऱ्याची बाग आडवी झाली असता

बऱ्हाणपुराभोवती तापीच्या दोन्ही तीरांना केळीच्या बागा आहेत. पावसाळा तोंडावर आला की एखाद्या संध्याकाळी वादळ उठते आणि घडांनी लवलेली झाडे घटकाभरात आडवी होतात. एकाची बाग जाते, बांधापलीकडची राहते. पुढच्या रविवारी ज्याची बाग वाचली त्याने मंडळीत उभे राहून "प्रभूने माझे राखले" अशी उपकारस्तुती करावी काय? आणि ज्याची गेली तो त्याच बाकावर बसला असेल, तर त्याने 'आमेन' म्हणावे काय?

हा प्रश्न शेतकऱ्यापुरता नाही. इस्पितळातून एका घरचा रोगी चालत परत येतो, दुसऱ्या घरचा येत नाही. एकाचा यंत्रमाग चालू राहतो, दुसऱ्याचा बंद पडतो. रोज देवाचे उपकार मानावे असे आपण मुलांना शब्बाथशाळेत शिकवतो. पण हा प्रश्न टाळून शिकवले, तर पहिल्याच दुःखात ते शिक्षण गळून पडेल असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणतील, शेजाऱ्याचे मन दुखवू नये म्हणून गप्प बसावे. यात कोमलता आहे, पण सत्य अपुरे आहे. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, तेव्हा प्रभूने बाकीच्या नऊ जणांची चौकशी केली. मिळालेले दान लपवून ठेवणे हा दात्याचा मान नव्हे.

दुसरे कोणी म्हणतील, देवाने माझी बाग राखली ती माझ्या विश्वासामुळे. येथे मोठा धोका आहे. मंदिरात गेलेल्या परूश्याची प्रार्थना आभारानेच सुरू झाली होती, हे आपण पुष्कळदा विसरतो. त्याने देवाचे नाव घेतले, पण मोजले स्वतःचे गुण, आणि तेही शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराच्या मापाने. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, याचे उत्तर प्रभूने स्पष्ट नकारात दिले आहे. मग बाग पडलेल्या माणसाच्या पापाचा हिशेब आपण कोण मांडणार?

आणि काही जण दुःखिताकडे जाऊन सांगतात, "यासाठीही देवाचे आभार माना." हे बोलणे वरून भक्तीचे दिसले तरी निष्ठुर आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करावयास सांगतो. इफिसकरांच्या पत्रात तो याहून पुढे जाऊन सर्व गोष्टींबद्दल आभार मानावे म्हणतो, हे खरे. परंतु ते प्रभू येशूच्या नावाने मानावयाचे आहेत. त्या प्रभूने मरणाला चांगले म्हटले नाही. लाजराच्या कबरेपाशी तो रडला, आणि त्याच कबरेपाशी डोळे वर करून त्याने पित्याचे आभार मानले. अश्रू व आभार एकाच ठिकाणी होते. एकाने दुसऱ्याला हटवले नाही. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्रीही त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली, आणि ती मोडून इतरांना दिली.

या मोडून देण्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात पीक घरी आल्यावर प्रथमफळ देवापुढे नेण्याची आज्ञा आहे. तेथे इस्राएली माणसाने आपल्या पूर्वजांचे हाल आठवायचे, देवाला नमन करायचे, आणि मग लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करायचा आहे. परदेशी त्या आनंदात नसेल, तर प्रथमफळाची टोपली अर्धीच पोहोचली.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात उपासमारीने खंगून गेले. रमाबाई वाचल्या. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. आपले निमाडही त्या काळी त्याच प्रांतात होते. तेथून शेकडो निराधार मुली व विधवा त्यांनी आपल्या आश्रयाखाली आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनचे काम त्यातून वाढले. आपण का वाचलो, याचे कारण त्या शोधत बसल्या नाहीत. वाचलेले आयुष्य कोणासाठी आहे, हे त्यांनी ओळखले. उपकारस्मरणाला याहून चांगली भाष्यटीका आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा बाग वाचलेल्याने अवश्य साक्ष द्यावी. पण रविवारपूर्वी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन यावे. आडवी खोडे उचलायला हात लावावा, शक्य तर पुढच्या लागवडीसाठी आपल्या बागेतले मुनवे द्यावेत. मग त्याची उपकारस्तुती शेजाऱ्याला टोचणार नाही. आणि शेजाऱ्याच्या तोंडून त्या दिवशी 'आमेन' न निघाले, तर मंडळीने ते त्याच्यासाठी म्हणावे.

रोजच्या अभ्यासाचे काय? आपल्या शहराचा कुंडी भंडारा मुलांना दाखवावा. अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने कुंडीमागून कुंडीत, पंपाशिवाय, शहराकडे आणले गेले. वर चालणाऱ्याला ते पाणी दिसत नाही. देवाचे बहुतेक उपकार तसेच आहेत, म्हणून ते वाकून पाहावे लागतात. शब्बाथशाळेतील शिक्षकांनी मुलांना रोज रात्री तीन गोष्टी करावयास सांगाव्यात: आज मिळालेल्या एका दानाचे नाव घेणे, ते ज्या माणसाच्या हातून आले त्याचे नाव घेणे, आणि ते ज्याला मिळाले नाही अशा एकाचे नाव घेऊन उद्या त्याच्यासाठी काय करता येईल ते ठरवणे. पहिल्या दोन गोष्टी मुले लवकर शिकतात. तिसरी आपण मोठ्यांनी करून दाखविल्यावाचून त्यांना येणार नाही.