हातगुण आणि सहा सेंटिमीटर

टाच दुखते म्हणून गेलेला माणूस एक्स-रे घेऊन परततो आणि घरी सांगतो, ‘हाड वाढलंय.’ असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळांच्या फिल्मवरही दिसतं, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. दुखण्याची जागा शोधायला अंगठा लागतो. सकाळच्या पहिल्या पावलाला कळ येते, चालल्यावर ओसरते आणि टाचेच्या तळाला आतल्या बाजूने दाबताच रुग्ण पाय ओढून घेतो, तेव्हा संशय तळव्याच्या स्नायुपट्ट्यावर जातो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर दुखली, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो अनेकदा सापडतच नाही.

पोटरीची चाचणी मला सगळ्यांत देखणी वाटते. रुग्णाला पालथं झोपवायचं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली झुकतं. नाही झुकलं, तर टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस, तुटली असं समजायचं. गंमत अशी, की शीर तुटूनही दुसऱ्या स्नायूंच्या जोरावर रुग्ण पाऊल हलवून दाखवतो आणि ‘हलतंय ना, मग लचकच असेल’ म्हणून त्याला घरी पाठवलं जातं.

अशा तपासणीला आपण कौतुकाने हातगुण म्हणतो आणि तिथेच चुकतो. हातगुण एकाकडे असतो, दुसऱ्याकडे नसतो. कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 साली मांडलेल्या नियमांनी नेमकं हेच मोडून काढलं. घोटा मुरगळला असेल, तर दोन्ही बाजूंच्या हाडांची टोकं आणि मागच्या कडेचे खालचे सहा सेंटिमीटर दाबून पाहा. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का पाहा. हाड दुखत नसेल आणि चालता येत असेल, तर घोट्याचा एक्स-रे नको. काल रुजू झालेल्या डॉक्टरलाही हे जमतं.

अर्थात ही सगळी भिस्त रुग्णाच्या ‘आई गं’वर. जुन्या मधुमेहात पायाची संवेदनाच गेलेली असते, तिथे हाड मोडलं तरी अंगठ्याला उत्तर मिळत नाही. अशा वेळी हाताची पाठ दोन्ही पावलांना आळीपाळीने लावायची. एक सुजलेलं आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर कळ नसली तरी त्या पायावर भार देणं थांबवायचं आणि एक्स-रे मात्र त्याच दिवशी काढायचा.