वृद्धांस शोकाची वार्ता सांगावी काय?

घरांत मृत्यु झाला म्हणजे ती वार्ता वडील माणसांस कळवावी कीं न कळवावी, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत उत्पन्न होतो. मुलगा मुंबईस वारला, तर गांवीं असलेल्या आईस "तो फार आजारी आहे" एवढेंच सांगतात, आणि मूठमाती होऊन आठ दिवस लोटल्यावर खरें काय तें तिच्या कानीं पडतें. असें करणारे लोक निर्दय नसतात. "म्हातारीला सोसवणार नाहीं," असें त्यांस मनापासून वाटतें. परंतु तें खरें आहे काय?

वयाबरोबर बुद्धि मंदावते हा समज अर्धाच खरा आहे. ओळखीचें नांव चटकन् ओठांवर येत नाहीं, चष्मा कोठें ठेवला तें ध्यानांत राहत नाहीं. हें निरोगी वृद्धांसही घडतें. पण शब्दांचा सांठा, व्यवहाराची जाण, माणसांची पारख हीं पुष्कळ वर्षें टिकतात, आणि शोक सोसण्यास चपळ बुद्धि लागते असें नाहीं. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या परिसरांत पति किंवा पत्नी गमावलेल्या २०५ जणांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. ते बहुतेक वृद्ध होते, आणि त्यांची मनःस्थिति वियोगापूर्वींच नोंदून ठेविली होती, हें विशेष. त्यांपैकीं जवळजवळ निम्मे लोक पुढील दीड वर्षांत खचले नाहींत. ते रडले नाहींत, असा ह्याचा अर्थ नव्हे. जिनें आयुष्यांत अनेकांचा वियोग सोसला, तिला पोटच्या मुलाचें मुख शेवटचें पाहूं न देणें, ह्यास आम्ही दया म्हणत नाहीं.

ज्यांची स्मृतिच रोगानें ग्रासली आहे, अशा वृद्धांची गोष्ट मात्र निराळी. आलॉइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरानें १९०६ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें, तो साधा विसराळूपणा नव्हे. त्यांत मेंदूचा नव्या आठवणी जमविणारा भाग बहुधा आरंभींच बिघडतो. जुन्या आठवणी त्यामानानें उशिरां जातात. म्हणून चाळीस वर्षांपूर्वींची पेरणी म्हातारीस आठवते, पण नवरा गेल्या सालीं वारला हें आठवत नाहीं. "हे अजून शेतांतून आले कसे नाहींत?" असें ती रोज तिन्हीसांजेस विचारते. सून म्हणते, "आत्याबाई, मामंजी वारले ना!" म्हातारी हंबरडा फोडते. तासाभरानें वार्ता विसरते, आणि पुनः विचारते.

आयोवा विद्यापीठांतील एका प्रयोगाचा वृत्तान्त २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, तो येथें उपयोगी आहे. ह्या रोगाच्या १७ जणांस दुःखद चित्रपटांचे तुकडे दाखविले. काय पाहिलें तें ते लवकरच विसरले, पण खिन्नता मागें राहिली. आमच्या म्हातारीचेंही असेंच होत असावें. रोज नव्यानें सांगितलेलें सत्य तिच्यापाशीं राहत नाहीं. त्याचा घाव तेवढा राहतो.

मग "येतील, येतील" असें म्हणावें काय? तेंही आम्हांस रुचत नाहीं. अशानें ती उंबऱ्यावर वाट पाहत बसते, आणि घरांतलीं पोरें तें ऐकत असतात. ती विचारते तेव्हां तिला बहुधा वार्ता नको असते, माणूस हवें असतें. "मामंजींची आठवण आली का? त्यांना कोणतें कालवण आवडे?" असें विचारलें तर ती बोलूं लागते, बैलांच्या जोडीचें, दुष्काळाच्या सालाचें, त्यांच्या रागाचेंही. त्यांत खोटें कांहीं नाहीं. हा उपाय रोज चालतोच असें नाहीं. एखाद्या दिवशीं ती डोळ्यांत पाहून विचारील, "गेले ना ते?" तेव्हां "होय" म्हणावें, आणि हात धरून बसावें.

एक गोष्ट राहिली. तिन्हीसांज ही स्वयंपाकाची वेळ, म्हणून हा प्रश्न बहुतेक घरीं सुनेच्याच वाट्यास येतो. ओट्यावर गप्पा मारीत बसलेल्या मुलानें त्या वेळीं उठून आईजवळ जावें, अशी आमची त्यास सूचना आहे.