नाक्यावरची संमती

राज्यसंस्था नागरिकाला जिथे थांबवते, त्याची ओळख विचारते, त्याचे सामान उघडून पाहते आणि समाधान झाल्यावरच त्याला पुढे सोडते, त्या जागेला तपासणी नाका म्हणतात. ही व्यवस्था आधुनिक काळाचे अपत्य नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. जनपदात येणाऱ्या-जाणाऱ्याला एक माष शुल्क घेऊन मुद्रा, म्हणजे आजच्या भाषेत परवाना, देणे हे त्याचे काम, आणि मुद्रेवाचून सापडलेल्या जनपदवासीयाला १२ पण दंड. ती मुद्रा तपासण्याचे काम विवीताध्यक्षाकडे, म्हणजे कुरणांवर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, सोपवलेले आहे, यावरून त्या काळचा नाका कुठे असे याची कल्पना येते: वस्तीबाहेर, जिथून अनोळखी माणूस आत येतो तिथे. आजचा नाका वस्तीच्या आत आला आहे. तो विमानतळावर आहे, रेल्वे स्थानकावर आहे, देवळाच्या महाद्वाराशी आहे, आणि त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस परका नसून त्याच राज्याचा नागरिक आहे.

या विस्ताराविषयी बोलताना बहुधा तराजूची भाषा वापरली जाते: एका पारड्यात सुरक्षितता, दुसऱ्यात स्वातंत्र्य, आणि काटा मध्यावर आणणे हे राज्यकर्त्याचे कौशल्य. ही भाषा सोयीची असली तरी तिच्यात एक प्रश्न दडपला जातो. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःला तपासू देण्याला संमती दिलेली असते काय, आणि जिथे नकार देण्याची वाटच नाही तिथल्या होकाराला संमती म्हणता येते काय, हा तो प्रश्न होय. तो जितका कायद्याचा आहे तितकाच नीतीचा, आणि काही अंगांनी धर्माचाही आहे.

संमती कशी झिजत जाते हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण फार बोलके आहे. त्या देशाच्या संविधानातील चौथी दुरुस्ती १७९१ पासून नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. झडतीसाठी संशयाला सबळ कारण असावे आणि न्यायाधीशाचे वॉरंट असावे, हा तिचा गाभा. विमान अपहरणांच्या लाटेनंतर १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक विमानप्रवाशाची तपासणी सक्तीची झाली, तेव्हा ती या दुरुस्तीत कशी बसवायची असा पेच पडला. त्याच वर्षी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो सोडवताना ‘प्रशासकीय झडती’ या संकल्पनेचा आधार घेतला. गुन्हेगार पकडण्यासाठी नव्हे, तर एखादा सार्वजनिक धोका टाळण्यासाठी सर्वांची सारखीच घेतली जाणारी मर्यादित झडती, असा तिचा अर्थ. न्यायालयाने तिला मान्यता दिली, पण एक अट घालून: विमानात न बसण्याचे ठरवून झडती टाळण्याचा अधिकार प्रवाशाकडे राहिला पाहिजे. माघारी फिरण्याची ही मोकळीक हाच त्या निकालाचा नैतिक कणा होता. पुढे २००७ मध्ये होनोलुलू विमानतळावरील एका प्रकरणात, अधिक तपासणी सुरू झाल्यावर प्रवाशाने आपल्याला परत जायचे आहे असे सांगितले असता, त्याच न्यायालयाने असे ठरवले की तपासणी एकदा सुरू झाली की ती संमतीवर अवलंबून राहत नाही आणि मध्येच माघार घेता येत नाही. ३४ वर्षांत संमती अटीच्या जागेवरून निघून गेली. दहशतवाद्याला नाक्याची कसोटी घेऊन परत जाण्याची सोय असू नये, हे त्यामागचे कारण तर्कशुद्ध आहे. परंतु त्या तर्काने १९७३ च्या निकालाचा पाया काढून घेतला, हेही मान्य केले पाहिजे.

मधल्या काळात ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले होते आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परिवहन सुरक्षा प्रशासन ही केंद्रीय यंत्रणा कायद्याने उभी राहिली होती. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाल्यानंतर या यंत्रणेची फिरती पथके रेल्वे आणि बस स्थानकांवरही जाऊ लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये जॉर्जिया राज्यातील सवाना येथील स्थानकात अशा पथकाने गाडीतून उतरलेल्या प्रवाशांचीही झडती घेतली. गाडीचे रक्षण हा झडतीचा हेतू असेल, तर ज्याचा प्रवास संपला आहे त्याच्या झडतीने कोणती गाडी सुरक्षित होते, याचे उत्तर देता येत नाही. नाका ज्या धोक्यासाठी जन्माला येतो त्या धोक्यापासून तो सुटतो आणि स्वतःच्याच चालीने चालू लागतो, हे या घटनेत उघड दिसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये इंडियानापोलिस शहरातील अमली पदार्थांचे नाके अवैध ठरवताना हीच सीमा आखली होती: सर्वसाधारण गुन्हेनियंत्रण हा हेतू असेल, तर संशयावाचून प्रत्येक गाडी थांबवता येणार नाही.

सक्ती आणि संमती यांतला भेद सर्वांत खोलवर ज्यांनी ओळखला ते दक्षिण आफ्रिकेतील गांधीजी. १९०६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सव्हाल सरकारने काढलेल्या वटहुकमाच्या मसुद्यानुसार आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी व्यक्तीने नोंदणी करून बोटांचे ठसे द्यायचे आणि पोलिसाने मागताच दाखला दाखवायचा होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये जमलेल्या हिंदी लोकांनी या कायद्यापुढे न वाकण्याची शपथ ईश्वराला साक्षी ठेवून घेतली, आणि अशी शपथ व साधा ठराव यांत केवढे अंतर आहे हे गांधीजींनी सभेला समजावून सांगितले. तरीही १९०८ च्या जानेवारीत तडजोड होताच त्याच गांधीजींनी स्वेच्छेने नोंदणी करण्याचे मान्य केले. १० फेब्रुवारीला नोंदणीसाठी जात असताना, ठसे देणे म्हणजे अपमान असे मानणाऱ्या आपल्याच माणसांनी त्यांना जबर मारहाण केली, आणि जखमी अवस्थेत अंथरुणावरूनच त्यांनी ठसे दिले. सरकार शब्दाला जागले नाही असे दिसल्यावर त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या प्रांगणात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. वस्तुतः हा सबंध प्रसंग एका विलक्षण सूक्ष्म विचाराने बांधलेला आहे. बोटे तीच, शाई तीच, कागद तोच. पण धाकाने दिलेला ठसा माणसाला गुन्हेगाराच्या रांगेत बसवतो आणि आपण होऊन दिलेला ठसा सौजन्य ठरतो. भारतीय मनाला हे वेगळे शिकवावे लागू नये. देवळाच्या पायरीशी पादत्राणे उतरवणारा भाविक स्वतःला लहान करून घेत नाही, कारण ती कृती त्याच्या श्रद्धेतून येते. हुकमाने उतरवलेल्या जोड्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

इथे ‘अभय’ या संकल्पनेकडे वळणे आवश्यक ठरते. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांची मालिका अभयापासून सुरू होते. जैन परंपरेत अभयदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. बुद्धमूर्तीचा उचललेला उजवा तळहात तेच सांगतो. राजधर्माच्या विचारातही राजाचे प्रयोजन मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याची अवस्था, थांबवून प्रजेला अभय देणे हेच आहे. मात्र प्रजेला भय दोन बाजूंनी असते, चोराकडून आणि राजपुरुषाकडून, आणि एक भय दुसऱ्याने फेडून अभय सिद्ध होत नाही. बॉडी स्कॅनरमध्ये प्रवासी जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर पाय ठेवून दोन्ही हात डोक्यावर उचलतो. आपल्या विमानतळांवर पडद्याआडच्या कक्षात स्त्री-प्रवासी छोट्या चौथऱ्यावर हात पसरून उभी राहते आणि हातातले यंत्र तिच्या अंगावरून फिरते. अभयमुद्रेत देणाऱ्याचा हात वर असतो. इथे हात वर करतो तो ज्याला अभय मिळायचे तो, आणि आपल्यापासून कुणाला भय नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच येतो.

धर्मसंस्थांना हे जाणवले होते. २००९ च्या नाताळात एका विमानात अंतर्वस्त्रांत लपवलेला बॉम्ब उडवण्याचा प्रयत्न झाल्यावर शरीराची आकृती दाखवणारी यंत्रे अमेरिकेत झपाट्याने वाढली, तेव्हा २०१० च्या फेब्रुवारीत उत्तर अमेरिकेतील फिक्ह परिषदेने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांच्या मंडळाने, ही यंत्रे लज्जेच्या शिकवणीशी विसंगत असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी विमानतळ कर्मचाऱ्यांपुढे बोलताना सुरक्षेच्या धांदलीतही माणसाची प्रतिष्ठा जपण्याची आठवण करून दिली. पुढे कायद्याने अशी अट आली की यंत्राने प्रत्यक्ष शरीराऐवजी साचेबद्ध आकृतीच दाखवावी, आणि ज्यांना ते जमले नाही ती यंत्रे २०१३ मध्ये हटवली गेली. विमाने तरीही उडत राहिली. भारतात संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे, म्हणून देशांतर्गत विमानप्रवासात ६ इंचांपर्यंत पाते आणि एकूण ९ इंचांपर्यंत लांबी असलेली कृपाण शीख प्रवाशाला चालते. नाक्याला श्रद्धेशी बोलणी करता येतात आणि त्यातून मोजमापासह नियम निघू शकतो, याचा हा पुरावा होय.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली. ज्यांच्या घरातले माणूस त्या फलाटावरून परतले नाही त्यांना संमतीची मीमांसा ऐकवणे कठोरपणाचे आहे. नाका असूच नये असे म्हणणे म्हणूनच शक्य नाही. पण तो कशासाठी आहे, कोणाला उत्तरदायी आहे आणि कधी उठणार, हे विचारण्याचा हक्क त्या मृतांच्या नावानेही काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना त्यावरील निर्बंधासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता, म्हणजे हेतूला पुरेसे तेवढेच बंधन, या कसोट्या सांगितल्या. नाक्यांना या कसोट्या क्वचितच लावल्या जातात, कारण प्रत्येक झडती अर्ध्या मिनिटाची असते आणि अर्ध्या मिनिटासाठी कोणी न्यायालयात जात नाही.

तात्पुरता म्हणून आलेला नियम किती टिकतो याचा अंदाज अमेरिकेतल्या जोड्यांवरून करता येतो. २००१ च्या डिसेंबरात एका प्रवाशाच्या बुटात स्फोटके सापडली. २००६ पासून बहुतेक सर्वांना जोडे काढणे सक्तीचे झाले. हा नियम २०२५ च्या जुलैमध्ये उठला. तेवढ्या काळात एक पिढी जोडे हातात घेऊन रांगेत उभी राहायला शिकली. दिल्लीतही असेच काही घडले आहे. तिथे मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान २००७ पासून तिच्या फाटकांवर आहेत, आणि तेव्हा शाळेत असलेली मुले आता त्याच गाडीने कचेरीला जातात. स्थानकात शिरताच ती बॅग पट्ट्यावर टाकतात, चौकटीतून पुढे होतात, आणि जवानाने काही म्हणण्याआधीच त्यांचे हात वर गेलेले असतात.