पक्क्या महालाचे आरोग्य

दाट वस्ती म्हणजे रोगट वस्ती हे समीकरण एकोणिसाव्या शतकातील आरोग्यशास्त्राने इतके घट्ट बसवले, की अरुंद गल्ली दिसली की ती पाडून रुंद करावी, असेच नगररचनाकारांना आजही प्रथम सुचते. मुंबईत १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट मोहल्ल्यांत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले. वारा आला, पण घरे गमावलेली गरीब माणसे आसपासच्या चाळींत आणखी दाटीवाटीने राहू लागली. हे समीकरण तपासायला वाराणसीइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल.

गंगेच्या पश्चिम तीरावरील जुन्या दगडी घरांच्या दाट वस्तीला तेथे ‘पक्का महाल’ म्हणतात. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या परिसरांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी वैदिकांची आणि शास्त्र्यांची घरे याच वस्तीचा भाग होत. जाड भिंती, मध्ये चौक, वर गच्ची आणि दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे दिवसाचा बराच काळ सावलीत राहणारी गल्ली ही रचना, चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या ज्येष्ठातल्या उन्हाचा विचार केल्यास, अडाणीपणाची म्हणता येत नाही. शिवाय ही गल्ली उतरत उतरत जिथे संपते, तिथे सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचे घाट आणि पलीकडे वस्तीविना मोकळा राहिलेला वाळूचा तीर आहे. घरात जी मोकळीक नाही ती नदीवर मिळते. स्नान, तालीम, गप्पा, आणि नावेतून पलीकडे जाऊन बाटी-चोखा रांधून खाण्याची, बनारसी बोलीत ‘बहरी अलंग’ म्हणून ओळखली जाणारी, सहल या सर्वांना त्या मोकळ्या जागेचा आधार आहे. रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६च्या घटनेतील व्याख्या लावली, तर गल्ली आणि घाट यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

या जोडरचनेला एक अट मात्र होती: नदी स्वच्छ असली पाहिजे. ती अट मोडली जमिनीखाली. १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत नेमणुकीस असलेल्या जेम्स प्रिन्सेपने (पुढे ब्राह्मी लिपी वाचून प्रसिद्ध झालेला तोच हा) साचलेली तळी उपसण्यासाठी शहराखालून कमानदार भुयारी नाला बांधून काढला आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे दूषित हवेचे मूळ नाहीसे केले. पावसाचे पाणी पोटात घेणारी तळी आटली आणि शहराचे सांडपाणी नदीकडे नेणारी वाट तयार झाली. शतकाच्या अखेरीस नळाचे पाणी आले. भदैनीच्या पंपघरासाठी तेथील राममंदिर जाणार या संशयावरून १८९१ मध्ये दंगलही झाली; परंतु आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दंगलीइतकी गाजली नाही, ती ही की घरात जितके पाणी येते तितकेच मैला घेऊन बाहेर पडते, आणि या पाण्याला गंगेखेरीज दुसरी जागा नेमलेली नव्हती.

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीच्या घाटावरच झाला. नाले अडवून सांडपाणी पंपाने उचलावे आणि दीनापूरसारख्या केंद्रांत शुद्ध करावे, अशी ती कल्पना होती. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विद्यापीठातील जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी तिच्यातील दोष नेमके दाखवले: वीज गेली की पंप थांबतो आणि मैला घाटाशी उतरतो, तर शुद्धीकरणाची निवडलेली पद्धत विष्ठेतील जिवाणूंना पुरेशी आवरत नाही. स्नानाच्या पाण्यात दर शंभर मिलिलिटरमागे असे जिवाणू पाचशेच्या आत असावेत आणि अडीच हजारांच्या वर कधीही जाऊ नयेत, असे भारतीय मानक सांगते. मिश्रांनी कॅलिफोर्नियातील विल्यम ऑस्वाल्ड यांच्यासह सुचवलेला पर्याय गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या गटाराचा आणि सूर्यप्रकाशात शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करणाऱ्या तळ्यांचा होता. ज्या शहराने तळी आटवून सुधारणेला आरंभ केला, त्याला तळ्यांकडे परत जाण्याचा सल्ला मिळावा, यात थोडी गंमत आहे. पुढे दीनापूर आणि गोइठा येथे मोठी केंद्रे उभी राहिली. पण उचलण्यासाठी विजेवरच विसंबण्याचा मूळ मार्ग बदलला नाही.

दाटी सर्वत्र निर्दोष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. मदनपुरा किंवा बजरडीहा येथील विणकराच्या घरात माग आणि बिछाना यांच्यात अंतर उरत नाही. खड्ड्यातल्या मागावर तासन्‌तास बसून होणारे काम, सुताचा तंतुकण, यंत्रमागाचा आवाज आणि अपुरा उजेड हे कामगारासोबत त्याच्या मुलांच्याही वाट्याला येतात, आणि बंद खोलीत क्षयरोगाचा संसर्ग फैलावणे सोपे जाते. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे भारताचे मानक आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे पाचच. ही धूळ येते ती बहुतांशी वाहने, उखडलेले रस्ते, वीटभट्ट्या आणि जाळलेला कचरा यांतून. गल्ली तिला जन्म देत नाही. आत शिरलेल्या दुचाकीचा धूर मात्र धरून ठेवते.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस जुन्या भारतीय शहरांसाठी ‘जपणारी शस्त्रक्रिया’ सुचवत. म्हणजे सरसकट पाडापाड न करता मोडकळीस आलेले एखादे घर काढावे, तिथे झाड लावावे, विहीर साफ करावी आणि वस्ती जागची हलवू नये. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या काशी विश्वनाथ धामाने उलटी वाट धरली. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेल्या मंदिराभोवतीच्या सुमारे तीनशे मालमत्ता घेऊन मंदिरापासून घाटापर्यंत विस्तीर्ण प्रांगण तयार झाले. यात्रेकरूंची चेंगराचेंगर त्यामुळे कमी झाली, हे मान्य करावेच लागेल. मात्र यात्रेकरू दिवसभरासाठी येतो आणि रहिवासी आयुष्यभर राहतो. म्हणून रोगाचे निदान गल्लीच्या रुंदीवरून करण्याऐवजी तिच्याखालच्या नाल्यावरून केले असते, तर त्याच खर्चात कोणती घरे उभी राहिली असती आणि कोणते आजार टळले असते, हा हिशेब मांडायला हवा होता.