गृहीत धरायला काय जातं!

बाललैंगिक अत्याचाराच्या त्या खटल्याचा निकाल तुम्ही वाचलाय, त्यावरची आरडाओरडही ऐकलीय. परत सांगत बसत नाही. आरोपी सुटला याहून मला राग आला तो संध्याकाळपर्यंत प्रत्येक चॅनेलवर आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेल्या एका वाक्याचा. ‘पोक्सोत आरोपीला दोषीच धरतात. कलम २९ असूनही सुटला, मग यंत्रणा तरी काय करणार?’

काय करणार म्हणजे? म्हणजे कलम २९ स्वतः एसटीनं गावी जाऊन जन्मदाखला आणणार होतं? मुलगी अठराच्या आतली आहे हे दाखवायला शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला तेच उभं करणार होतं? कपडे वेळेवर सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तेच पोचवणार, अहवाल आला का म्हणून तेच फोन करणार, आणि फितूर होऊ घातलेल्या पंचांना चहा पाजून कोर्टात तेच आणून बसवणार? इतकं गुणी कलम असेल तर त्याला थेट ठाणेदारच करा. निदान तक्रार घ्यायला तरी ते बाकावर बसवून ठेवणार नाही.

कायद्यात आहे ते एवढंच. कलम ३, ५, ७ आणि ९ खालच्या गुन्ह्यांत, म्हणजे बालकावरच्या लैंगिक अत्याचाराच्या गंभीर प्रकारांत, आरोपीनं उलट सिद्ध केलं नाही तर गुन्हा त्यानंच केला असं विशेष न्यायालयानं मानायचं. पण हे मानण्याआधी मूळ गोष्टी सरकार पक्षानंच सिद्ध करायच्या: पीडित बालकच आहे, घटना घडली आहे, आणि बोट या आरोपीकडे जातं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१८ मध्येच हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. पानच मांडलं नाही, तर वाढपी वाढणार कशावर?

बाकीच्या सबबी नेहमीच्याच. ‘जुन्या भांडणातून गुंतवलं.’ ‘शाळेची बदनामी होईल.’ ‘लहान आहे, विसरून जाईल.’ त्यांच्यावर शाई घालवत नाही.

चौकात एव्हाना फ्लेक्स लागलाच आहे. ‘नराधमाला फाशी द्या’, आणि खाली हात जोडलेले अकरा चेहरे. फ्लेक्सविषयी माझं मत वाचकांना पाठ आहे, तरी विचारतो: या अकरांपैकी एक तरी जण तक्रारीच्या दिवशी त्या मुलीच्या आईबरोबर ठाण्यात गेला होता का? बदलापूरला २०२४ च्या ऑगस्टमध्ये चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घ्यायला तासन्‌तास थांबावं लागलं. मग लोक रुळांवर उतरले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळीनं मेला आणि त्याच्यावर खटला चाललाच नाही. कलम २९ लागलं नाही, त्याला खोडून काढायची संधी आरोपीला मिळाली नाही, आणि काय घडलं हे न्यायालयाच्या तोंडून ऐकण्याचा त्या मुलींचा हक्कही गेला. फ्लेक्सवाले तेव्हा मात्र खूश होते.

‘दोषी ठरेपर्यंत निर्दोष’ या तत्त्वाचं मग काय, असं कुणी विचारेल. रास्त आहे. मलाही हे कलम पूर्ण सुखानं पचत नाही. पण हा गुन्हा बंद दाराआड होतो, साक्षीदार बहुधा एकच आणि तोही दुधाच्या दातांचा. समोर मोठा माणूस आणि त्याचा वकील. अशा वेळी तराजू थोडा झुकवला तर मी कुरकुर करणार नाही. पुराव्याशिवायच तो झुकवायचा ठरवलं, तर उद्या घराच्या वाटणीच्या भांडणातही हेच कलम बाहेर निघेल, आणि ज्याच्यावर निघेल तो त्या दिवसापुरता कडवा संविधानप्रेमी होईल.

कायद्यानं ओझं हलकं केलं ते त्या पोरीचं. म्हणून तर प्रश्न तिला थेट वकिलानं विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. तिला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही. होईल तितकं करून वर्षात खटला संपवायचा. तपास अधिकाऱ्याचं ओझं हलकं केल्याचं मला तरी कुठल्या कलमात सापडलं नाही. फ्लेक्सवाल्यांना सापडलं असेल. ते कायदा मोठ्या अक्षरांत वाचतात.

तुम्हा-आम्हालाही त्या कायद्यात काम दिलंय. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवायचं, आणि हे कुणाच्या इच्छेवर सोडलेलं नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर वर्षापर्यंत. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. तो फिरवायला फ्लेक्स लागत नाही.