ओळंबा कोणाच्या भिंतीला?

गळ्यात माळ आली, कपाळी गंध लागले, खांद्यावर पताका घेतली, एवढ्याने माणूस वारकरी होतो का? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पण परमुलखातील दोन पंथांविषयी वाचताना तो मला पुन्हा टोचला.

इंग्लंडात स्टोनहेंज येथे प्रचंड शिळांचे वर्तुळ आहे. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी ड्रुइड पंथाचे लोक पांढरे झगे घालून तेथे उगवत्या सूर्याला सामोरे जातात. त्या मोठ्या शिळा सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या. रोमन लेखकांनी वर्णिलेले ड्रुइड त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी झाले, आणि आजच्या पंथाची सुरुवात अठराव्या शतकातली. मग त्यांचा नमस्कार खोटा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. चिन्ह किती जुने, यापेक्षा त्याच्यापुढे माणसाचा अहंकार किती वाकतो, हे पाहावे.

दुसरा पंथ फ्रीमेसनांचा. १७१७ साली लंडनमध्ये त्यांची पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. त्यांनी गवंड्याची हत्यारेच उपदेशासाठी घेतली. गुण्या सांगतो, वागणे काटकोनात ठेव. कंपास सांगतो, वासनेला मर्यादा घाल. ओळंबा सांगतो, सरळ उभा राहा. अनघड दगड म्हणजे आपले मन. ते घडवून चिऱ्यासारखे करायचे.

हे वाचले आणि गेल्या वारीतली एक गोष्ट आठवली. दिंडीत माझ्या शेजारी एक तरुण चालत होता. गळ्यात माळ नाही, अभंगाचे शब्दही चुकत होते. मी मनात त्याला खालच्या पायरीवर बसवले. दुपारी विसाव्याला त्यानेच एका थकलेल्या आजोबांचे पाय चेपले. मी सावली धरून बसलो होतो.

गवंडी ओळंबा लावतो तो स्वतः बांधत असलेल्या भिंतीला. मी माळेचा ओळंबा केला खरा, पण लावला दुसऱ्याच्या भिंतीला.

लॉजचे दार सभासदांपुरतेच उघडते. आपले वाळवंट सर्वांना मोकळे आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. तसे म्हणताना चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, हे विसरू नये. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले, हेही विसरू नये. माळा तेव्हाही हजारो गळ्यांत होत्या.

म्हणून माळ टाकावी असे नाही. ती गळ्यात आहे म्हणूनच तर मला लाज वाटली. नसती तर कशाशी ताडून पाहिले असते? सज्जनहो, आता रात्री हरिपाठ झाला की मी माळेला हात लावतो आणि स्वतःला एवढेच विचारतो, आज मी कोणाला खालच्या पायरीवर बसवले? ज्या दिवशी उत्तरात कोणी आठवते, त्या दिवशी भिंत कलली असे समजतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या पाया पडायला जातो.

राम कृष्ण हरि.