पहिली ओळ सोबत गाणारा

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३, १ इतिहास २५:१-८, मार्क १०:४६-५२



इ. स. १७४५ मधील एक नोंद आहे. स्वीडन देशातील ओलोफ डालिन या लेखकाने एका मनुष्याविषयी ती लिहून ठेवली. एका भयंकर आजाराने त्या मनुष्याचे उजवे अंग लुळे पडले आणि त्याची वाचा गेली. ‘होय’ या एका शब्दावाचून त्याला काहीही बोलता येईना. हाताच्या खुणांनी तो आपले मनोगत कळवीत असे. परंतु आजारापूर्वी पाठ झालेली काही उपासनागीते तो कोणाही निरोगी माणसाप्रमाणे स्वच्छ, स्पष्ट शब्दांत गात असे. या नोंदीत एक लहानशी गोष्ट आवर्जून सांगितलेली आहे : गीताच्या आरंभी कोणीतरी त्याच्यासोबत गाऊन त्याला थोडे साहाय्य करावे लागे. एवढे झाले की पुढचे गीत त्याचे तोच गाई.

वैद्यकशास्त्राला या गोष्टीचे मर्म पुष्कळ उशिरा उमगले. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे मुख्य केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. तेथे इजा झाली म्हणजे शब्द हरपतात. पण सूर आणि ताल यांची वाट तेवढ्याने बंद होत नाही. याच अनुभवाच्या आधारे अमेरिकेतील बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ साली एक उपचारपद्धती मांडली. वाचा गेलेल्या रुग्णाला नित्याची लहान वाक्ये उंच व खालच्या अशा दोन सुरांत म्हणावयास शिकवितात. प्रत्येक अक्षरासरशी त्याच्या डाव्या हाताने ठेका धरावयास लावतात. आरंभी उपचारक सोबत गातो. मग हळूहळू तो आपला आवाज काढून घेतो आणि रुग्ण एकटा म्हणू लागतो. सर्वांनाच सारखा लाभ होतो असे नाही. तथापि कित्येकांच्या ओठी काही शब्द परत आले आहेत.

पहिली ओळ सोबत गाणारा आणि मग मागे सरणारा असा हा सोबती. आपली मंडळी दिव्यांग प्रौढांसाठी असा सोबती झाली आहे काय? शास्त्रवचनांच्या प्रकाशात आज या प्रश्नाचा विचार करू या.

१. संगीत ही जादू नव्हे, सेवा होय

शौल राजा व्याकूळ होई तेव्हा दावीद वीणा वाजवी आणि राजाला स्वस्थता वाटे, हा प्रसंग आपणां सर्वांना परिचित आहे. संगीतोपचाराविषयी बोलताना त्याचा हटकून उल्लेख होतो. मात्र तो वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावयास हवे.

पहिली ही, की शौलाला छळणाऱ्या आत्म्याचे वर्णन वाचून कोणी दिव्यांग माणसावर भूतबाधेचा शिक्का मारू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी, पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असा प्रश्न केला, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). तरीही आपल्या घरांतून व प्रार्थनासभांतून तो जुना प्रश्न अद्याप कुजबुजला जातो, आणि वृद्ध आईबाप तो मुकाट्याने ऐकून घेतात. हे आपण थांबविले पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी, की दाविदाच्या वीणेने शौल कायमचा बरा झाला नाही. पुढे त्याच वादकावर त्याने भाला फेकला (१८:१०-११). पवित्र शास्त्र ही गोष्ट लपवीत नाही. संगीताने सांत्वन होते, आखडलेले अंग सैल होते, चालण्याला लय मिळते, एकाकीपणा ओसरतो; पण सेरेब्रल पाल्सी वा डाउन सिंड्रोम त्याने नाहीसा होत नाही. ‘गाण्याने बरा होईल’ अशी खोटी आशा आपण कोणाला लावू नये. दाविदाने राजाला वीणा ऐकविली ती त्या घटकेची सेवा होती. ती घटकाही देवाच्या दृष्टीने मोलाची आहे.

२. वाजविण्यापूर्वी ऐकावे

अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्रज विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये दिव्यांग मुलांसोबत एकत्र कार्य सुरू केले. पुढे त्यांची पद्धती प्रौढांसाठीही वापरात आली. प्रत्येक माणसाच्या ठायी अशी एक संगीतक्षमता असते की जिच्यापर्यंत अपंगत्वाची झळ पोहोचत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या पद्धतीत उपचारक आधी आपले गाणे सुरू करीत नाही; तो ऐकतो. समोरच्या माणसाने ढोलावर एक थाप मारली, तर पियानो त्या थापेला उत्तर देतो. तो थांबला, तर पियानो थांबतो. त्याने नुसता हुंकार दिला, तर त्या हुंकाराचाच सूर धरून गीत उभे राहते. ज्याचे कोणी कधी ऐकले नव्हते, त्याला प्रथमच कळते की आपल्या आवाजाला जगात उत्तर आहे.

यरीहोच्या वाटेवर प्रभू येशूने हेच केले. बार्तीमय ओरडत होता आणि लोक त्याला दटावून गप्प बसवीत होते. प्रभू मात्र थांबला. आंधळ्याला काय हवे असणार हे उघड असतानाही, मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्याने त्यालाच विचारले.

बंधुभगिनींनो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी ज्या मंडळीत पाळक होतो तेथे एक वृद्ध माता आपल्या चाळिशीच्या मुलाला दर रविवारी उपासनेस आणीत असे. त्याला जन्मापासून बोलता येत नव्हते. पेटीचा सूर लागला की तो लांबच लांब आवाज काढी. गीत पुढे जाई, त्याचा आवाज मागे रेंगाळे. लोक वळून पाहत. माता त्याच्या तोंडावर हात धरी. नाताळाच्या आधीच्या एका रविवारी, पाहुणे आलेले असताना, मी वेदीजवळून हाताने खूण केली आणि त्या दोघांना बाहेर व्हरांड्यात नेण्यात आले. पुढले तीन रविवार ती आली नाहीत. मी घरी भेटावयास गेलो, तेव्हा माता रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पाळकसाहेब, बाकी त्याला काहीच येत नाही हो. देवापुढं तेवढंच एक येतं.”

त्या रात्री मार्काचा दहावा अध्याय मी पुन्हा वाचला. आजवर त्या अध्यायावर उपदेश करताना मी स्वतःला प्रभूच्या बाजूने उभा असलेला समजत होतो. वास्तविक मी दटावणाऱ्यांच्या गर्दीत होतो.

३. वाटा सर्वांचा आहे

दाविदाने मंदिरसेवेसाठी गायक-वादकांची योजना केली. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील २८८ निपुण माणसे वीणा, सतारी आणि झांजा घेऊन सेवेस नेमण्यात आली. त्यांचे अनुक्रम ठरविताना चिठ्ठ्या टाकल्या, आणि लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद ठेवला नाही. निपुणतेचा तेथे मान होता. पण पाळी ठरविताना निपुणतेची उतरंड नव्हती.

आपण दिव्यांग बांधवांसाठी गातो. नाताळात त्यांच्या संस्थांत जाऊन गीते म्हणतो, फळे वाटतो आणि परत येतो. हे चांगलेच आहे. परंतु त्यांच्यासाठी गाणे वेगळे आणि त्यांच्यासोबत गाणे वेगळे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. २०१६ च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. कायदा जे हक्क म्हणून देतो ते ख्रिस्ताच्या शरीराने प्रीतीने आधीच द्यावयास नको होते काय? जे अवयव अशक्त दिसतात तेच अत्यावश्यक आहेत, असे पौल प्रेषित करिंथकरांस लिहितो.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ज्याच्या हातात पकड नाही, त्याच्या मनगटाला पट्ट्याने घुंगरू बांधता येतात. ज्याला ऐकू येत नाही, त्याला ढोलाच्या पानावर तळहात ठेवू द्या. बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ सर्व श्रवणशक्ती गमावलेल्या स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी अनवाणी पायांनी कंपने जाणून तालवाद्ये वाजवितात व जगभर कार्यक्रम करतात. गीते मोठ्या अक्षरांत व ब्रेल लिपीत असावीत. ज्यांना मोठा आवाज सोसत नाही, त्यांच्यासाठी कर्ण्याचा आवाज कमी करावा. आणि चाळीस वर्षांच्या माणसाला बालवाडीची गाणी टाळ्या वाजवून म्हणावयास लावू नये. तो प्रौढ आहे. त्याला प्रौढांची गीते द्या, आणि कोणते हवे ते त्यालाच निवडू द्या. संगीतोपचार हे प्रशिक्षितांचे काम आहे, ते त्यांच्याकडेच असावे. सोबत गाणे मात्र प्रत्येकाचे काम आहे.

आमच्या मंडळीत त्या मुलाला, नव्हे, त्या गृहस्थाला, पेटीशेजारी जागा दिली आणि हाती झांज दिली. पहिल्या रविवारी गीत संपले तरी तो वाजवीत राहिला. कोणी त्याला थांबविले नाही, मंडळी थांबली. दहा-बारा ठोके अधिक झाले असतील. मग तो आपण होऊन थांबला व हसला. त्याला वाचा आली नाही. तो अखेरपर्यंत ठेक्याच्या मागेच राहिला, आणि आम्ही आमची गीते किंचित संथ गाऊ लागलो. कित्येक वृद्धांनी सांगितले की आता शब्दांचा अर्थ मनात उतरतो. शेवटच्या बाकावरून ती माता मात्र उठून पुढे आली नाही. म्हणाली, “मला इथूनच दिसू दे तो.”

प्रिय वाचकहो, येत्या रविवारी आपल्या उपासनेत मागे वळून पाहा. दाराजवळच्या बाकावर कोण बसले आहे? कोणाच्या तोंडावर हात धरलेला आहे? आणि ज्या घरातून कोणीच येत नाही, त्या घरी जा. पहिली ओळ त्याच्यासोबत गा. मग थांबा, आणि ऐका.

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांना आम्ही गप्प बसविले त्यांचा आवाज तू ऐकत आला आहेस. आमच्या उतावळेपणाची आम्हांस क्षमा कर. थांबण्याचे धैर्य व ऐकण्याची प्रीती आम्हांस दे, आणि तुझ्या स्तुतीत सर्वांना वाटा मिळो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.